दाराजवळची खुर्ची

पिवळ्या वेण्यांची ती मुलगी माझ्यासमोर येऊन थांबली, एक पाऊल मागे सरकली, मान कलती केली आणि मला बघू लागली. माणसाकडे बघतात तसं नाही. माणसाकडे बघताना डोळे आधी चेहऱ्यावर जातात, ओळख पटते किंवा पटत नाही, मग नजर वळते. हिची नजर माझ्या डोक्याच्या काळ्या रुमालावरून शालीच्या पिनेवर उतरली, तिथून मांडीवरच्या हातांवर, तिथून बुटांवर, पुन्हा वर, आणि मग माझ्या खांद्याशेजारी भिंतीवर चिकटवलेली एक पांढरी पट्टी वाचायला ती पुढे वाकली. वाचून झाल्यावर तिनं परत माझ्याकडे बघितलं, या वेळी जरा जास्त आदरानं. तिच्याबरोबरचा मुलगा म्हणाला, "खरी आहे का गं?" ती म्हणाली, "खरीच. श्वास घेतेय बघ." "बाप रे! दिवसभर बसवून ठेवतात की काय?" "हळू बोल ना, ऐकू जात असेल तिला." मला ऐकू जात होतं. माझ्याच भाषेत, सेसोथोत बोलत होती दोघं. मला कळेना, या पोरांना काय झालंय. मी नजर खाली घातली, कारण विधवेनं नजर खालीच ठेवायची असते, आणि त्यामुळे त्यांचा समज आणखीच पक्का झाला असावा, कारण मुलगा हलकेच "वा" म्हणाला.

मी नुसती बसले होते. दमले होते म्हणून बसले होते. बोत्शाबेलोहून सकाळच्या बसनं ब्लूमफाँटेनला आले, विधवेच्या जागेवर, म्हणजे सगळ्यात मागच्या बाकावर. गाडीत लोक उभे असले तरी माझ्या शेजारची जागा रिकामी राहते, कोणाला सांगावं लागत नाही. चार महिन्यांत या रिकाम्या जागेची मला सवय झालीय. पिशवी ठेवायला बरी पडते. स्टँडपासून चित्रशाळेपर्यंत चालत आले, जुलैच्या, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्याच्या, कोरड्या थंडीत, नाकात कोळशाचा धूर, आणि वर तो चढ. चढ संपेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला होता. मला वाटलं होतं, चित्रं बघायला येऊन येऊन कोण येणार, रिकाम्या दालनात मी एकटी असेन. तर आत ही जत्रा. प्रदर्शनाचा शेवटचा शनिवार, कोणाचंतरी भाषण होणार होतं, हातात पेले घेतलेले लोक खांद्याला खांदा लावून उभे. आमच्याकडे काळ्या कपड्यांतली बाई गर्दीत शिरत नाही. तिच्या अंगावर सेफिफी असते, मरणाचा अंधार, तो दुसऱ्याला घासू नये म्हणून तिनंच सांभाळायचं. कुठेही गेली तरी दाराजवळ बसायचं, सगळ्यात साध्या जागेवर, आणि लोक पांगले की आपलं काम करून निघायचं. दाराजवळ एक लाकडी खुर्ची होती, तिच्यावर घडी घातलेली तपकिरी घोंगडी. अशा खुर्च्या आमच्या गल्लीत घरोघरी आहेत. मी बसले.

मला एकच चित्र बघायचं होतं. नेहेमिया मोलेत्साने नावाच्या एका माणसानं कोळशानं काढलेलं, 'झोपलेला भाऊ'. आमच्या तिसऱ्या अभ्यासपुस्तिकेत ते आगपेटीएवढं छापलंय. नऊ वर्षं मी चित्रकला अशीच शिकले, आगपेटीएवढी चित्रं बघून. विद्यापीठ प्रिटोरियात, मी इथे, मधे पोस्टखातं आणि नंतर फोन. चित्राखाली त्याची लांबी-रुंदी लिहिलेली असायची, ती मी दोऱ्यानं मोजून स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं आखायची आणि त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहायची, म्हणजे तेवढं तरी खरं कळावं. पाकिसो, माझा नवरा, जेवायला बसला की विचारायचा, "आज कुठलं चित्र लागलंय?" मी सांगायची, आज समुद्र. तो त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत पापा, मक्याच्या पिठाचा घट्ट भात, आणि भाजी खायचा आणि म्हणायचा, "भरती आलीय." तर आता शेवटची एकच गोष्ट उरली होती. एखादं चित्र स्वतःच्या डोळ्यांनी, समोर उभं राहून बघायचं आणि त्यावर लिहून पाठवायचं. या महिनाअखेरपर्यंत. नाही पाठवलं तर नऊ वर्षांची मुदत संपते, पुढे मुदतवाढ नाही, सगळंच रद्द.

पण खरं सांगायचं तर त्यासाठी मी आले नव्हते. रद्द तर रद्द, इथवर माझी तयारी झाली होती. मी बसमध्ये मनाशी ठरवलं होतं, त्या चित्रासमोर जाऊन उभं राहायचं. झोपलेल्या माणसाचं चित्र मला बघवलं, तर लिहायचं आणि पुढेही हातात कोळसा धरायचा. नाही बघवलं, तर हे सगळं इथेच सोडायचं, कायमचं. कारण पाकिसो गेला तेव्हा मी त्याचं चित्र काढत होते.

हे सगळ्यांना माहीत आहे. यात लपवण्यासारखं काही नाही आणि लपलंही नसतं. मार्चमधली सकाळ होती. पक्षाघातानं तो तीन वर्षं अंथरुणाला खिळला होता, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता त्याचा, म्हणजे माझाही नाही. त्या दिवशी उजाडता उजाडता त्याला झोप लागली. मी खरं तर आडवं व्हायला हवं होतं. पण तो इतका शांत झोपला होता, खिडकीतून ऊन त्याच्यावर तिरपं आलं होतं, आणि मी कागद घेतला. खूप वेळ काढत बसले. काढून झाल्यावर कागदावरची भुकटी फुंकली आणि म्हटलं, "बघ, आज किती शहाण्यासारखा झोपलास." तो उठला नाही. पाच मिनिटं तरी मी त्याच्यावर चिडत होते.

आत्या दुपारी आली. आत्या म्हणजे माझी मोठी नणंद दिसेबो, माझ्या मुलाची, लेफाची आत्या, म्हणून सगळ्या गल्लीची आत्या. पाकिसोला तिनंच वाढवला, त्यांची आई लवकर गेली. तिला मी आवडत नाही असं नाही, पण तिचा माझ्यावर भरवसा कधी बसला नाही. म्हणायची, "ही बाई घरात असते पण हिचं लक्ष कागदात असतं." त्या दुपारी तिनं भावाचं तोंड बघितलं, मग माझे हात बघितले. कोळशानं काळे झालेले हात, धुवायचे राहिलेले. पुरण्याच्या आदल्या संध्याकाळी, मी जमिनीवरच्या गादीवर भिंतीकडे तोंड करून बसले असताना, ती वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "शेवटी त्याला त्रास झाला का गं?" मी म्हटलं, "माहीत नाही, आत्या." "समोर होतीस ना?" "होते." "मग माहीत कसं नाही?" चार महिन्यांत हा प्रश्न तिनं मला किती वेळा विचारला असेल. भाजी निवडताना, चर्चमधून येताना, मध्येच, काही संबंध नसताना. मी प्रत्येक वेळी तेच सांगितलं, आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा जास्त खोटं वाटलं, जरी ते खरं होतं.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचे कपडे, बूट, टोप्या एका खोलीत बंद करून ठेवतात, दुखवटा सरला की वडीलधारी माणसं ते वाटून टाकतात. तोवर कोणी हात लावायचा नाही. आत्यानं पाकिसोचे कपडे गोळा केले, आणि मग भिंतीवरची, कपाटावरची, पलंगाखालची माझी सगळी चित्रं. मी म्हटलं, "आत्या, ती माझी आहेत. अभ्यासाची." ती म्हणाली, "त्याचं अंग आहे ना त्यात? मग अंगावरचं ते सगळं आत." मला वाद घालता आला नाही, कारण तिचं बरोबर होतं. नऊ वर्षांत मी दुसरं काढलंच काय होतं? विद्यापीठ म्हणे, माणूस समोर बसवून काढा. मी कोणाला बसवणार? पाकिसोचं डोकं, पाकिसोचा खांदा, पाठमोरा पाकिसो, पाकिसो आणि केटली. एकदा त्यांनी उघड्या शरीराचा अभ्यास मागितला तेव्हा त्यानं शर्ट काढला, बनियन काढला, आणि पँटच्या पट्ट्याला हात लावून म्हणाला, "बास. विद्यापीठाला कळव, बाकीचं माझ्या बायकोचं आहे." बसल्या बसल्या त्याला पेंग यायची. पाणीखात्यात रात्रपाळी असायची त्याची. मी ओरडायची, हलू नकोस, आणि तो डोळे मिटून म्हणायचा, "हलत नाहीये मी, झोपतोय." खोलीला कुलूप लावून आत्या म्हणाली, "आणि वर्ष होईपर्यंत तो कोळसा हातात धरायचा नाही. शोक कर. नीट शोक कर." वाईट बोलली असं मला वाटलं नाही. हातपाय गळाल्यावर कोणीतरी काय करायचं ते सांगितलेलं बरंच वाटतं.

तर मी नीट शोक केला. सूर्य उगवल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, मावळायच्या आत घरी. आवाज वर काढायचा नाही. आपण होऊन कोणाशी हात मिळवायचा नाही. शाळेत मी पहिलीला शिकवते, पण काळ्या कपड्यांची सावली लहान पोरांवर नको म्हणून मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बसवलंय. आणि नजर खाली. हे सगळ्यात अवघड गेलं. बाकी सगळं अंगवळणी पडलं, पण मी बघायला शिकण्यात नऊ वर्षं घालवली होती. पहिले काही आठवडे मी चपलांची चित्रं काढली, मनातल्या मनात, लोकांच्या चपला, बूट, टाचा. मग तेही थांबलं. खाली बघता बघता मी बघायचंच थांबले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. हे मला आता, या खुर्चीत बसल्यावर कळत होतं. मोठ्ठा कंटाळा फक्त, हाडात शिरलेला, जो झोपेनं जात नाही.

आणि इथे हे लोक बघत होते. आता पाचसहा जण जमले होते माझ्यासमोर. एक बाई डोळे पुसत होती. एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थानं टोपी काढून हातात धरली, आणि त्याला काय वाटलं ते मला सांगता येणार नाही, कदाचित त्या एकट्याला कळलं असेल. बाकीच्यांत निम्मे आमचेच लोक होते. याच पोरांनी मला बाहेर रस्त्यात बघितलं असतं तर गुपचूप फुटपाथवरून खाली उतरून वाट दिली असती. त्यांच्याही घरी कधी ना कधी आई, मावशी अशी काळ्यात बसलेलीच असणार. दाराच्या आत आल्यावर एवढ्यात ते विसरले कसे? मला राग यायला हवा होता. पण इतका थकवा होता की रागसुद्धा मध्यावर येऊन बसून राहिला. वाटलं, बघा. चार महिने कोणी माझ्याकडे बघितलेलं नाही, सगळे मला टाळून बाजूला बघतात. बघून घ्या.

गळ्यात ओळखपत्र घातलेली एक तरुण बाई आली, दोन्ही हातांनी पाण्याचा पेला पुढे करत खाली वाकली आणि कुजबुजली, "मावशी, अजून किती वेळ बसणार आहात?" मला वाटलं ही मला उठवायला आलीय. मी म्हटलं, "गर्दी कमी होईपर्यंत." तिचे डोळे मोठे झाले. ती मागे वळून लोकांना म्हणाली, "गर्दी कमी होईपर्यंत बसणार आहेत त्या." लोकांनी एकमेकांकडे बघितलं. "म्हणजे आपण गेलो की?" कोणीतरी म्हणालं. "म्हणजे आपणच ते आहोत, ज्यांच्यामुळे..." आणि जे निघाले होते तेही थांबले. पलीकडच्या दालनातून आणखी आले. मी पाणी प्यायले. खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा भिंत चढायला लागला होता, हिवाळ्यात तो भराभर चढतो, आणि सूर्य मावळायच्या आत बसनं घरी पोहोचायचं तर आता निघायला हवं होतं. मी ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायला डॉक्टरकडे जाते असं आत्याला सांगून आले होते. चित्र अजून बघितलं नव्हतं. ते या लोकांच्या मागे कुठेतरी होतं.

मला पाकिसो आठवला, प्रदर्शनातला. आम्ही एकदाच गेलो होतो बरोबर, खूप वर्षांपूर्वी, याच शहरात, दुसऱ्या एका ठिकाणी. त्यानं चर्चचा सूट घातला होता. दारातल्या रखवालदाराशी त्यानं आधी हात मिळवला, घरच्यांची खुशाली विचारली, मग आत आला. गुरांच्या एका मोठ्या चित्रासमोर तो इतका वेळ उभा राहिला की मला अभिमान वाटायला लागला. मग मला म्हणाला, "मालेफा, ही गाय आजारी आहे. विकत घेऊ नकोस." सगळे वळून बघायला लागले. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला, त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. बसमध्ये तो म्हणाला, "तू तिथे कुजबुजत का होतीस? कोणी आजारी होतं का, गायीशिवाय?" ते आठवून मला हसू आलं, चार महिन्यांत पहिल्यांदा, आणि हसू आवरायला मी मान फिरवली, तेव्हा ती खांद्याशेजारची पट्टी मला पहिल्यांदा वाचता आली. 'वाट पाहणे. लाकडी खुर्ची, लोकरीची घोंगडी. कृपया हात लावू नये.'

मी प्रदर्शनातल्या वस्तूवर बसले होते. नऊ वर्षं शिकून. पाकिसो असता तर महिनाभर गल्लीत सांगत फिरला असता.

मी उठले. गुडघे कुरकुरले. घोंगडी होती तशी नीट केली, आणि उठल्याबरोबर लोक बाजूला झाले. न सांगता, न बोलता, दोन्हीकडे सरकून त्यांनी मला रस्ता करून दिला. बोत्शाबेलोच्या बाजारात देतात तसाच. तिथे भीतीनं देतात, इथे कौतुकानं, माझ्या दोन्ही बाजूंना मोकळी राहिलेली जागा तेवढीच होती. मी ठरवलं, आता वर बघायचं. समोर बघून चालायचं. चार महिने खाली राहिलेली मान वर करताना मानेत खरोखर कळ आली. भिंती, चेहरे, दिवे, रंग एकदम अंगावर आले आणि माझे डोळे दुखले. मग दालनाच्या टोकाला ते दिसलं. आगपेटीएवढं नव्हतं, आणि मी भिंतीवर आखलं होतं तेवढंही वाटत नव्हतं. उशीएवढं होतं.

एक माणूस कुशीवर झोपलाय, अंगावर चादर, एक हात उशीवर. पुस्तिकेत त्याची छाती म्हणजे नुसता करडा डाग होता. मला वाटायचं छपाईचा दोष. इथे तो डाग नव्हता. छातीवरची चादर एका रेषेत काढलेलीच नव्हती. एक रेषा थोडी वर, एक खाली, मधली अंगठ्यानं पुसून पुन्हा काढलेली, आणि पुसलेलीही दिसतेय. बाकी सगळं त्यानं ठामपणे काढलं होतं. नाक, कान, चादरीच्या चुण्या. छातीशी येऊन मात्र त्याचा हात ठरत नव्हता. मी जवळ गेले, नाक लागेल इतकी. मला क्षणभर कळेना, एवढा तयारीचा माणूस इथे का अडला. मग कळलं. तो अडला नव्हता. छाती वर-खाली होत होती. जितक्या वेळा त्यानं मान वर करून बघितलं तितक्या वेळा ती दुसरीकडे होती.

"छाती तीनदा काढलीय," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले असेन, कारण मागून कोणीतरी "काय?" म्हटलं.

मला फूरीबाई आठवल्या. प्रिटोरियातल्या माझ्या शिक्षिका, ज्यांना मी नऊ वर्षांत कधी बघितलेलं नाही. चित्र पूर्ण झालं की लगेच फोटो काढून त्यांना पाठवायची माझी सवय. त्या सकाळीही पाठवला होता, पाकिसोला हाक मारायच्या आधी. त्यांचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं, त्यांना काय माहीत होतं, त्यांनी नेहमीसारखं चित्रापुरतं लिहिलं. मी एकदा वाचलं आणि फोन बंद केला, पण ते शब्द काही गेले नव्हते. 'छातीजवळ तुमची रेषा तीन-तीनदा बदलली आहे. तुम्हाला ठरवता आलेलं नाही. हात मात्र एका रेषेत, खात्रीनं काढला आहे. सगळं चित्र त्या हातासारखं व्हायला हवं होतं.'

मी छाती आधी काढली होती. हात शेवटी. हे मला कागद न बघताही आठवत होतं, मनगटाला आठवत होतं. छातीशी मी चिडले होते, पुसलं होतं, हलू नकोस असं सवयीनं पुटपुटलेही होते. आणि मग हात एकदम सोपा गेला, खांद्यापासून बोटांपर्यंत एका दमात, आणि मला केवढं बरं वाटलं होतं, वाटलं होतं की आज आपला हात बसला. म्हणजे छाती काढत होते तेव्हा तो होता. हात काढून झाला तेव्हा नव्हता. तेवढ्यात, हात काढता काढता, माझ्या डोळ्यांसमोर. मला रडू आलं. आणि त्याबरोबर बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याचं मला भयंकर वाटलं, तरी ते बरंच वाटत राहिलं.

कोणीतरी माझ्या कोपराजवळ उभं होतं. पिवळ्या वेण्यांची तीच मुलगी. हातात रुमाल धरून, द्यावा की नको अशी. मी तिला म्हटलं, "बाळा, मी इथली नाही. मी प्रदर्शनातली नाही. मी बघायला आलेय." तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं तोंडावर हात नेला, माझ्या कपड्यांकडे बघितलं, आणि या वेळी तिला ते कपडे दिसले. आमच्या मुली घरी वाकतात तशी ती गुडघ्यात वाकली. "अगं आई गं. मावशी, माफ करा. कोण गेलं?"

"नवरा."

"कधी?"

"मार्चमध्ये."

"देव तुम्हाला बळ देवो, मावशी," ती म्हणाली, जे तिनं मला दारातच म्हणायचं होतं ते. मग तिला तिथून जाववेना आणि थांबवेनाही, म्हणून तिनं चित्राकडे बघून विचारलं, "काय दिसलं तुम्हाला यात?" मी बोटानं दाखवलं, काचेला न लावता. ही एक, ही दुसरी, ही पुसलेली. श्वास घेत होता तो, म्हणून. ती जवळ आली, तिच्या वेण्या माझ्या काळ्या शालीला घासल्या, आणि ती मागे सरली नाही. भिंतीवरचं ऊन गेलं होतं. उजेडात घरी पोहोचणं आता शक्य नव्हतं.

बसमध्ये मी मागे बसले. उद्या लिहायला बसायचं हे स्टँडवरच ठरलं होतं, त्यावर पुन्हा विचार करावा लागला नाही. मैदानांवरचं वाळलेलं गवत काळपट पडत गेलं, आणि मी ते बघत होते.

आत्या फाटकात उभी होती, खांद्यावर घोंगडी, हात आत. अंधारात तिचं तोंड दिसत नव्हतं.

"डॉक्टरनं ऑपरेशन केलं वाटतं," ती म्हणाली.

"डॉक्टरकडे नव्हते गेले मी. चित्रं बघायला गेले होते."

"चित्रं."

"हो."

तिनं मोठा श्वास घेतला. "सूर्य जाऊन किती वेळ झाला? सगळी गल्ली बघतेय मला इथे उभी असलेली. आता दुखवट्याचं हे वर्ष पहिल्यापासून धरावं लागेल, कळतंय ना तुला? आजपासून वर्ष. मी नाही सांगत, रीत सांगते."

"धरा, आत्या."

"धरा म्हणे. काळं घालून मिरवायची हौस आहे का तुला?"

"आत्या," मी म्हटलं, "तुम्ही विचारत होतात ना, त्याला शेवटी त्रास झाला का."

तिनं घोंगडीतला हात बाहेर काढला.

"मी त्याचा हात काढत होते तेव्हा तो गेला. त्याच्या आधी छाती काढली, तेव्हा श्वास चालू होता. साधा, झोपेतला. मला चिडायला होत होतं इतका नीट चालू होता. मग मी हात काढला, आणि हात काढून होईपर्यंत श्वास थांबला होता. त्रास झाला असता तर हात हलला असता. मी त्याच्याकडेच बघत होते. बोटसुद्धा हललं नाही."

शेजारच्या घरात कोणीतरी शेगडी बाहेर काढत होतं. आत्या फाटकाचा गज धरून हळूहळू खाली बसली, पायरीवर, तिला गुडघ्यांचा त्रास आहे. मी तिच्याजवळ उभी राहिले. ती म्हणाली, "कुठला हात?"

"डावा."

"धरला नव्हतास तू."

"नाही."

"काढत होतीस."

"हो."

"मी असते तर धरला असता," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी घट्ट धरला असता, आणि डोळे मिटून देवाचं नाव घेत बसले असते." घोंगडीचं टोक तिनं तोंडावरून फिरवलं. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "मग हे मला कोणी सांगितलं असतं?"